गवताची काडी आणि मिठाचा खडा



जबलपूर शहराला लागून असलेल्या रांझी या वस्तीत माझे वास्तव्य आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, पुढे खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना निघाला, आणि त्यांच्या भोंग्यांच्या आधारे ही वस्ती वाढली. नाना प्रांतांतील कुटुंबे येथे शेजारी शेजारी नांदली. आपली मराठी मंडळीही त्यांत आहेत. परंतु सकाळी रोजंदारीच्या आशेने रस्त्याच्या कडेला उभी राहणारी माणसे पुष्कळदा मंडला आणि सिवनीकडील गोंड असतात. त्यांतील एका म्हाताऱ्याला मी एकदा सहज त्याचे गाव विचारले. तो म्हणाला, "गाव पाण्यात आहे, साहेब."

नर्मदेवरील बरगी धरणाचा जलाशय १९९० साली भरला आणि जबलपूर, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ लागली. त्या म्हाताऱ्याचे उत्तर ऐकल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. परक्या सत्तेविरुद्ध आपण जो लढा दिला, त्यात हा मनुष्य आपल्याबरोबर होता. पण त्याच्या लढ्यात आपण त्याच्याबरोबर होतो काय?

तो बरोबर होता याविषयी शंका नको. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील वृद्ध राजा शंकरशहा आणि त्याचा पुत्र रघुनाथशहा यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपूर येथे तोफेच्या तोंडी दिले. छावणीतील शिपायांशी संधान बांधल्याचा त्यांच्यावर आरोप होता, आणि इंग्रजांच्या नाशासाठी देवीला आळवणारे राजाचे कवन हा त्याविरुद्धचा पुरावा होता. त्याच रात्री ५२ व्या पलटणीने छावणी सोडली. पलटणीतील शिपाई बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातील शेतकऱ्यांची मुले आणि राजा गोंड. तरीही दोघांचे दुःख त्या क्षणी एक झाले होते.

पुढे १९३० साल उजाडले. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. मध्यप्रांत आणि वऱ्हाडला समुद्र कोठला? तेव्हा येथील पुढाऱ्यांनी मोडण्यासाठी जंगलचा कायदा निवडला. १० जुलै रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. बापूजींसारख्या विद्वान वकिलाच्या हाती विळा ही प्रतीकाची गोष्ट होती. तेच गवत बैतुलच्या कोरकूच्या आणि सिवनीच्या गोंडाच्या लेखी मात्र बैलाचा चारा आणि झोपडीचे छप्पर होते. १८७८ च्या आणि १९२७ च्या कायद्यांनी त्याच्या वाडवडिलांच्या वहिवाटीला गुन्हा ठरविले होते. म्हणून, सत्याग्रहाची हाक आली तेव्हा तो पुढाऱ्यांच्या अपेक्षेहून किती तरी अधिक संख्येने आला. बैतुल जिल्ह्यातील बंजारीढाल येथे गंजनसिंह कोरकूच्या नेतृत्वाखाली लोक जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. ९ ऑक्टोबरला सिवनी जिल्ह्यातील तुरिया येथे गोळी चालली. तीन आदिवासी स्त्रिया आणि एक पुरुष असे चौघे ठार झाले. इकडे कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला २५ सप्टेंबरच्या गोळीबारात जे हुतात्मे झाले, त्यांत नाग्या कातकरी हा तरुण होता.

तुरियाच्या त्या स्त्रियांची नावे एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरी अशी आढळतात. पुढाऱ्यांच्या नावांत काना-मात्रेची चूक झालेली मी पाहिलेली नाही. असो.

५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. मीठ पिकणाऱ्या प्रदेशातील रहिवाशांना घरगुती वापरापुरते मीठ गोळा करण्याची सवलत त्यात मिळाली. जंगलातील गवत-लाकडाविषयी तशी सवलत त्या करारात नव्हती. वाटाघाटींत सर्वच काही पदरात पडत नाही, हे मी सरकारी नोकर असल्याने चांगले जाणतो, आणि त्या काळच्या पुढाऱ्यांना आज आरामखुर्चीत बसून दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. तथापि मिठाचा खडा करारात आला आणि गवताची काडी बाहेर राहिली, हे खरे. १९४७ साली राज्य आपले झाले. १९२७ चा जंगल कायदा मात्र तसाच चालू राहिला. घटना परिषदेत १९ डिसेंबर १९४६ रोजी जयपालसिंह मुंडा यांनी आदिवासींना लोकशाही शिकविण्याची गरज नाही, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकावी, असे बजावले होते. सभागृहात त्या भाषणाचे कौतुक झाले. कौतुकाला खर्च लागत नाही.

२००७ साली संयुक्त राष्ट्रसंघात मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मांडला गेला तेव्हा भारताने अनुकूल मत दिले. मात्र भारतातील सर्वच जनता मूलनिवासी आहे, ही आपली भूमिका कायम ठेवली. या भूमिकेमागे राष्ट्राच्या एकतेची चिंता आहे आणि ती मी क्षुल्लक मानीत नाही. तरी सर्वच मूलनिवासी म्हटले की बुडालेल्या गावाचे वेगळे गाऱ्हाणे उरत नाही, आणि गैरसोयही उरत नाही.

याला अपवाद आहेत आणि ते येथेच घडले. बरगीचे विस्थापित संघटित झाले, नर्मदाकाठच्या इतर आंदोलनांशी त्यांचे नाते जुळले, आणि १९९४ साली जलाशयातील मासेमारीचा हक्क त्यांच्या सहकारी संस्थांच्या संघाला मिळाला. ज्या पाण्याने घर घेतले त्याच पाण्यावर पोट भरण्याचा तो हक्क होता. येथे सहानुभूतीदारांनी आपली मागणी त्यांच्या तोंडी घातली नाही. त्यांची मागणी घेऊन ते उभे राहिले. गावे परत आली नाहीत, आणि हा हक्कही पुढे निर्वेध राहिला नाही. पण १९३० च्या जमाखर्चात जी रक्कम मांडली गेलीच नव्हती ती निदान येथे मांडली गेली.

२००६ च्या वनाधिकार कायद्याच्या प्रस्तावनेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे संसदेने कबूल केले. ज्या मनुष्याला आमच्या फायलींत 'अतिक्रमक' म्हणत, त्याला नव्या फायलीत 'दावेदार' म्हणू लागले. मीही तो जुना शब्द कितीदा लिहिला असेन याची मोजदाद नाही. या कायद्याखालील नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला आहे. अशाच एका जबाबाच्या वेळी मी हजर होतो. सिवनीकडील एक वृद्ध गोंड आपल्या शेजाऱ्याच्या जमिनीविषयी सांगत होता. सांगता सांगता तो आपल्या बापाकडे वळला. गांधीबाबाच्या सालात बापाने गवत कापले, दंड झाला, दंडासाठी बैल विकला. लिहून घेणारा तरुण कारकून थांबला आणि हे दाव्याशी संबंधित आहे काय, असे त्याने मला विचारले.

मी त्याला ते लिहून घेण्यास सांगितले. म्हाताऱ्याला बैलाचे नाव आठवत होते. कारकुनाने तेही लिहिले.