न वापरलेल्या युनिटचे पैसे

(आकाशवाणीवरील भाषण)



ज्याचा धंदाच वीज विकण्याचा, त्याने गिऱ्हाइकाला ‘कमी घ्या’ म्हणावं आणि वर पैसेही द्यावेत, ही गोष्ट पटकन खरी वाटत नाही. अमेरिकेत मात्र ती चाळीसहून अधिक वर्षं चालली आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर तिथे इंधन महागलं, नवी वीजकेंद्रं उभारणं महागलं, आणि नियामकांच्या ध्यानात आलं की नव्या केंद्रातून एक युनिट आणण्यापेक्षा एखाद्या दुकानातलं एक युनिट वाचवणं स्वस्त पडतं. मग दुकानदाराने जुने दिवे, जुनी मोटर, जुना एसी बदलला तर त्या खर्चातला वाटा वीजकंपनीने उचलायचा आणि तो सगळ्या ग्राहकांच्या दरातून थोडाथोडा वसूल करायचा, अशी पद्धत पडली. विक्री घटली की कंपनी बुडणार, हा प्रश्न होताच. कॅलिफोर्नियाने 1982 मध्ये कंपनीचा महसूल आणि तिची विक्री यांची गाठच सोडवली. वीज कमी खपली तरी मंजूर झालेला महसूल पुढच्या दरातून भरून मिळणार, असं ठरलं. तेव्हा कुठे कंपनी मोकळ्या मनाने ‘कमी वापरा’ म्हणू लागली.

आपल्याकडे वीजकंपनीचा चेक घरी येत नाही. जे काही मिळतं ते बिलाच्या पोटात असतं, बारीक अक्षरात. आपण बिल हातात घेतो, रक्कम बघतो, शेवटची तारीख बघतो आणि कागद खिळ्याला अडकवतो. छोट्या कारखानदाराचंही बहुतेक वेळा हेच होतं. बिल हिशेबनिसाकडे जातं, तो ते भरतो, आणि त्यात काय मिळालं, काय बुडालं हे मालकापर्यंत पोचतच नाही. म्हणून त्या बिलातल्या ओळी आधी वाचून बघू.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी समजलेली ओळ पॉवर फॅक्टरची. मोटर चालते तेव्हा ती दोन प्रकारचा प्रवाह ओढते. एक काम करतो. दुसरा तिच्या आतलं चुंबकीय क्षेत्र तयार करण्यापुरता असतो. तो काम करत नाही, मीटरच्या किलोवॅट-तासांतही दिसत नाही, पण तारांतून जातो, त्यांना तापवतो, रोहित्राची जागा अडवतो. या दुसऱ्या प्रवाहाची सोय मोटरजवळच कपॅसिटर बसवून करता येते. मग तो लांबून आणावा लागत नाही आणि पॉवर फॅक्टर एकच्या जवळ जातो. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने यासाठी बिलात 7 टक्क्यांपर्यंत सूट ठेवली होती. 2018 च्या आदेशाने ती साडेतीनवर आली. फॅक्टर 0.90 च्या खाली घसरला तर उलट दंड. 1 एप्रिल 2020 पासून उच्चदाबाच्या ग्राहकांसाठी हा सूट-दंडाचा खेळच संपला, कारण त्यांची मोजणी केव्हीएएच युनिटांत, म्हणजे दोन्ही प्रवाह धरून, सुरू झाली. हिशेब सरळ आहे: कामाची 1000 युनिटं वापरलीत आणि पॉवर फॅक्टर 0.90 असेल, तर बिल 1111 युनिटांचं येणार. दंड म्हणून वेगळी ओळ नाही, तो युनिटांतच मिसळलेला आहे. आणि म्हणूनच तो आता आणखी कमी लोकांना दिसतो. पॅनेलमधला एखादा कपॅसिटर फुगून निकामी झाला तर वायरमनला कळायला महिने जातात. तोवर मालक दरवाढीच्या नावाने बोटं मोडत असतो.

दुसरी ओळ लोड फॅक्टरची, आणि ती मला नेहमी गमतीची वाटत आली आहे. मंजूर भाराने अखंड वीज ओढली असती तर जेवढा वापर झाला असता, त्याच्या किती टक्के प्रत्यक्ष झाला, तो लोड फॅक्टर. तो 75 टक्क्यांच्या वर गेला की वीज आकारात सूट सुरू होते, कमाल 15 टक्क्यांपर्यंत. म्हणजे रात्रंदिवस एकसारखी वीज ओढणाऱ्याला बक्षीस. कंपनीच्या बाजूने त्यात तथ्य आहे, कारण एकसारखा भार पुरवणं सोपं असतं. पण एखाद्याने चांगल्या मोटरी लावल्या, वापर घटवला आणि मंजूर भार तेवढाच ठेवला, तर त्याचा लोड फॅक्टर खाली येतो आणि सूट हातची जाते. बचतीचा दंड म्हणावा असंच हे! उपाय आहे. वापर घटला की कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेला सर्वांत मोठा भार, तपासून मंजूर भारही कमी करून घ्यायचा. तो अर्ज करायचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

कमाल मागणीबद्दल एक सांगायलाच हवं. उच्चदाबाच्या बिलात मागणी आकार ठरवताना मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या मागणीचा 75 टक्के भागही विचारात घेतला जातो. उन्हाळ्यातल्या एका दुपारी सगळी यंत्रं एकदम सुरू झाली, तर ती दुपार पुढचं जवळजवळ वर्षभर बिलात येऊन बसते. दोन मोठ्या मोटरी शक्य तिथे एकाच वेळी न चालवता आळीपाळीने चालवायच्या, एवढ्यावर ते टळू शकतं, आणि त्याला खर्च शून्य.

वेळेनुसार दर ही तिसरी ओळ. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सूट आणि संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा, अशी रचना आपल्याकडे बरीच वर्षं होती. तिच्यावर कित्येकांनी रात्रपाळ्या बेतल्या. आता सौरऊर्जा वाढली, दुपारी वीज मुबलक झाली आणि स्वस्ताई रात्रीकडून दुपारकडे सरकू लागली. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी राज्यांना सांगितलं की दिवसातले आठ तास सौर तास ठरवा आणि त्या वेळी दर किमान 20 टक्के कमी ठेवा. दहा किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी मुदत होती 1 एप्रिल 2024. ज्याने रात्रपाळीचं गणित अजून पुन्हा मांडलेलं नाही, त्याने ते याच आठवड्यात मांडावं.

शिवाय बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का तत्पर भरणा सूट, आणि कागदी बिल नको म्हटलं तर बिलामागे दहा रुपये. बरं आहे, पण त्याचा ऊर्जाबचतीशी संबंध नाही.

आणि इथेच माझी तक्रार आहे. या दोन सोडल्या तर आतापर्यंतच्या सगळ्या सवलती वीज कशी वापरली आणि केव्हा वापरली यासाठी आहेत. कमी वापरली यासाठी एकही नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांना दरात सवलत मिळते. 27 अश्वशक्तीच्या खाली एक हिशेब, वर दुसरा. मागवाल्यांची अडचण खरी आहे, त्यांच्या पदरात काही पडावं हेही खरं. पण युनिटमागे मिळणारी सवलत जितकी युनिटं जाळाल तितकी मिळते. जुनी, तीनदा वाइंडिंग केलेली मोटर चालवणाऱ्याला जास्त, आणि नवी चांगली मोटर बसवणाऱ्याला कमी! तोच पैसा मोटर बदलायला दिला असता, तर मागवाल्याचं बिल कायमचं उतरलं असतं आणि सरकारचा खर्चही एकदाच झाला असता.

मग वीजकंपनी असं का करत नाही? तिला उमगत नाही म्हणून नव्हे. आपल्याकडे उद्योग आणि व्यापार खर्चापेक्षा जास्त दर देतात आणि त्या जादा पैशातून शेतीपंपाची स्वस्त वीज भागते. शेतीतलं एक युनिट वाचलं तर कंपनीचा तोटा कमी होतो. कारखान्यातलं एक युनिट वाचलं तर तिचा सर्वांत चांगला पैसा जातो. वाचवा म्हणायला तिची जीभ कशी रेटेल? अर्थात तूट पुढच्या दरनिश्चितीत मागता येते, पण ती मागायची म्हणजे पुन्हा दरवाढ, पुन्हा ओरड.

मुंबईत चित्र थोडं वेगळं दिसलं. वीज नियामक आयोगाने 2010 मध्ये मागणी व्यवस्थापनाचे विनियम केले. ग्राहकाचा वापर घटवणाऱ्या योजनेचा खर्च आयोगाच्या मंजुरीने दरात धरता येतो, अशी त्यांत सोय होती. मुंबईच्या वीजकंपन्यांनी त्याखाली जुने पंखे, जुने एसी बदलून घ्या, किमतीत सूट घ्या, अशा योजना चालवल्या. शहरात संध्याकाळची आणि दुपारची टोकाची मागणी भागवायला महागडी वीज घ्यावी लागते, म्हणून तिथे हे परवडलं. उरलेल्या महाराष्ट्रातही टोकाच्या तासांना कोयनेचं पाणी सोडून वीज काढावी लागतेच. तिथला वाचलेला किलोवॅट कमी मोलाचा कसा?

पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाचे गिरीश संत यांनी वेगळी वाट सुचवली होती. सूट ग्राहकाला देऊ नका, ती पंखा बनवणाऱ्या कारखानदाराला द्या, म्हणजे चांगला पंखा दुकानातच स्वस्त मिळेल. हजारो ग्राहकांचे अर्ज तपासण्यापेक्षा मूठभर कारखान्यांचा हिशेब तपासणं सोपं, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. एलईडी दिव्यांचं तर अनुदानाशिवायच झालं. एकगठ्ठा खरेदी केल्यावर 310 रुपयांचा दिवा दोन-तीन वर्षांत 40 रुपयांच्या खाली आला. मोटरींच्या बाबतीत एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या संघटनेने हे करून बघायला काय हरकत आहे?

मोटरीचं गणित मुद्दाम सांगतो, कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. दहा अश्वशक्तीची, म्हणजे साडेसात किलोवॅटची मोटर, पूर्ण भाराने दिवसाला 16 तास, वर्षाला 300 दिवस. तिची कार्यक्षमता 85 टक्के असेल तर ती वर्षाला 42 हजार युनिटांच्या वर खाते. आठ रुपये दर धरला तर तीन लाख 39 हजार रुपये. कार्यक्षमतेच्या आयई-3 दर्जाची त्याच ताकदीची मोटर 90.4 टक्क्यांची असते. फरक अडीच हजार युनिटांचा, म्हणजे वर्षाला वीस हजार रुपयांचा. मोटर जळाली की आपण ती वाइंडरकडे नेतो, कारण नवीपेक्षा वाइंडिंग स्वस्त. पण वाइंडिंग नीट झालं नाही तर कार्यक्षमता आणखी उतरते, आणि तो तोटा मोटर पुन्हा जळेपर्यंत रोज सोसायचा असतो.

आता यंत्र बदलायला खरोखर पैसे कुठे मिळतात? वीजकंपनीत नाही. ते उद्योगखात्याकडे आणि केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे आहेत. राज्याच्या 2013 च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत पात्र लघु-मध्यम उद्योगांना ऊर्जा लेखापरीक्षणाच्या खर्चाचा 75 टक्के परतावा होता, कमाल दोन लाख, आणि बचतीच्या साधनांवर 50 टक्के, कमाल पाच लाख. अशा योजना बदलत राहतात, तेव्हा आज काय लागू आहे हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारायचं. लेखापरीक्षक हवा असेल तर महाऊर्जाकडे, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे, चौकशी करायची. ब्युरोची ‘अदिती’ नावाने ओळखली जाणारी नवी योजना जुलै 2025 मध्ये पानिपतला सुरू झाली. त्यात ऊर्जाबचतीच्या यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पाच टक्के, मध्यमांना तीन टक्के सवलत आहे. अट अशी की ऊर्जावापर किमान दहा टक्के घटला पाहिजे.

या सगळ्यांत एक गोष्ट कळीची आहे: आधी मोजमाप, मग मंजुरी, मग खरेदी. यंत्र आधी आणलं आणि अर्ज मागून केला, की फाईल तिथेच अडकते. जुनं यंत्र किती खात होतं याची नोंद नसेल तर बचत सिद्ध कशी करणार? म्हणून मागच्या बारा महिन्यांची बिलं आणि उत्पादनाचा आकडा शेजारीशेजारी लिहून ठेवावा.

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये जागतिक पर्यावरण निधी आणि जागतिक बँकेच्या मदतीने असं काम झालं. प्रवर्तन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिटं लागतात आणि भट्टीचं तोंड उघडं राहिलं तर त्यातली बरीच उष्णता छताकडे जाते. डाळ शिजताना झाकण कुणी काढून ठेवत नाही, पण तिथल्या शिरोलीच्या वसाहतीत काय आणि गोकुळ शिरगावच्या काय, भट्टीवरचं झाकण ‘कामात अडचण येते’ म्हणून बाजूला पडलेलं असतं. कॉम्प्रेसरचंही तसंच. दाब एक बार कमी केला तर सहा ते दहा टक्के वीज वाचते, आणि सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून ठेवलात, तर हवा किती ठिकाणी गळते हे कानाने कळतं. याला कुठलंही अनुदान लागत नाही.

राहता राहिला पिठाची गिरणी, खानावळ, इस्त्रीचं दुकान चालवणारा. 20 किलोवॅटच्या आतल्या या माणसाला पॉवर फॅक्टरची सूट नाही, लोड फॅक्टरची नाही, आणि पाच टक्के व्याजसवलतीसाठी अहवाल करून घेण्याइतकी त्याची उलाढालही नाही. त्याच्यासाठी मागणी व्यवस्थापनाच्या विनियमांखाली योजना करता येते. ती मागितली मात्र जात नाही. दरनिश्चितीच्या वेळी आयोग हरकती आणि सूचना मागवतो, त्या मराठीतही चालतात. व्यापारी संघटना तिथे दर कमी करा एवढंच लिहितात. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा त्याखाली आणखी एक प्रश्न घाला: जुनी मोटर, जुना पंखा जमा करून नवा घेणाऱ्या छोट्या ग्राहकाला कंपनी काय देणार, आणि किती दिवसांत? हरकत लेखी असली आणि मुदतीत पोचली, की आदेशात तिच्यावर कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत छापलं जातं.