सात जणींचा मोर्चा



१८ एप्रिल १९६६. हमीद दलवाईंनी मुंबईत मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. बायका किती? फक्त सात. तरी तो आजही आठवतो, कारण तीन गोष्टी स्पष्ट होत्या : बोलणार कोण, मागणं काय आणि कुणाकडे. तलाकची टांगती तलवार जिच्यावर, तीच बोलली. तोंडी तलाक बंद करा, असं थेट सरकारला म्हणाली.

पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१७ साली. जनसंपर्काचं नियोजन इतक्या लांबचं असतं.

आपण मात्र आधी पत्रक छापतो, मग ते कुणाला द्यायचं ते शोधतो. महिलांच्या प्रश्नावर व्यासपीठावर पुरुषच बसतात. येरवड्यातल्या पुढच्या बैठकीत माइक आधी बहिणींच्या हाती द्या. पत्रकाचा मजकूर त्याच ठरवतील.