दुखतंय, हे सांगायचं असतं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मालिश आपल्याला काही नवीन नाही. तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन तेल चोळणारी बाई, नरक चतुर्दशीला पहाटे उटण्याआधी अंगाला लावलेलं तेल, तालमीत एकमेकांचे खांदे रगडणारे पैलवान, मुंबईच्या चौपाटीवर बाटल्या वाजवत फिरणारा चंपीवाला, हे सगळं आपण पाहत आलो आहोत. तरीही डॉक्टरांनी कंबरेसाठी मालिश सुचवली, किंवा लेकीने वाढदिवसाला तासाभराच्या मसाजचं कूपन हातात ठेवलं, की आपण गडबडतो. कपडे काढावे लागतील का? किती? करणारा पुरुष असेल की बाई? फार दुखेल का? प्रश्न मनात असतात, पण विचारायची लाज वाटते. मग काही जण कूपन कपाटात ठेवून देतात. काही जण जातात, तासभर दात आवळून पडून राहतात आणि घरी येऊन सांगतात, ‘छान होतं!’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या कामात व्यायाम मोठा आणि मालिश लहान. पण लोकांच्या मनातली भीती आणि लाज मालिशभोवतीच जास्त असते. म्हणून त्या तासाभरात काय घडतं, ते आज क्रमाने सांगते.

पहिली पाच-दहा मिनिटं बोलण्याची. कुठे दुखतं, कधीपासून, कोणती औषधं चालू आहेत, ऑपरेशन झालंय का, असं विचारलं जातं. न विचारताच कोणी ‘झोपा’ म्हणालं, तर तिथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांना ही चौकशी नको असते. ‘अहो, साधी मालिश तर करायचीय, तिला साखर किती नि बीपी किती कशाला हवं?’ असं ऐकवतात. पण मालिश कोणाला करू नये हा विचार जुनाच आहे. वाग्भटांनी दिनचर्येत रोज अभ्यंग करायला सांगितलं, आणि तिथेच कफाने ग्रासलेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतंच शोधन झालेल्याने तो करू नये, असंही सांगितलं. आपण पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी सोडून दिली.

यातली एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते आहे, दुखते आहे. आणि त्याआधी ऑपरेशन, प्लास्टर, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं किंवा लांबचा बसून केलेला प्रवास झाला आहे. अशा पायाला तेलाचा हात लावू नका. आधी डॉक्टर. पायाच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळल्याने ती सुटते आणि रक्ताबरोबर थेट फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. २०१७ साली दिल्लीतल्या एका तरुणाची हकिगत वर्तमानपत्रांत आली होती. खेळताना घोटा दुखावला, प्लास्टर घातलं, ते काढल्यावरही पाय दुखत राहिला. घरच्यांनी मायेने तेल चोळून दिलं, आणि गुठळी सुटून तो दगावला. चोळणाऱ्या हातात काही खोट नव्हती. त्या पायात काय आहे, हे त्या हाताला कळायला वावच नव्हता.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, कारण साध्या दाबानेही काळंनिळं होतं. हाडं ठिसूळ असतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील, दिवस गेले असतील, तर सांगा. ताप असेल, कातडीवर गजकर्ण किंवा पुरळ असेल, तर त्या दिवशी जाऊच नका. आणि मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर ते आवर्जून सांगा. बधिर पायाचा माणूस ‘जोरात दाबा, काही होत नाही’ म्हणतो. त्याला काही होत नाही, कारण त्याला काही कळतच नाही.

आता कपड्यांचं. दुखणं जिथे आहे तेवढाच भाग उघडा लागतो. मान आणि खांद्यासाठी मागून उघडणारा गाऊन पुरतो. कंबरेसाठी परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा सैल करून कपडा थोडा खाली घ्यावा लागतो. पूर्ण अंगाची मालिश असेल तर करणाऱ्याने खोलीबाहेर जायचं, तुम्ही तुम्हाला योग्य वाटतील तेवढे कपडे काढून चादरीखाली झोपायचं आणि आतून हाक मारायची. ज्या भागावर काम चालू आहे तेवढीच चादर बाजूला होते. पाठ झाली की पाठ झाकायची, मग पाय. नाजूक भागांना हात लावण्याचं कारण नसतं. तसा हात गेला, किंवा नुसता जाईल असं वाटलं, तरी ‘थांबा’ म्हणून उठायचं. त्यासाठी पुरावा लागत नाही, कारणही द्यावं लागत नाही. बाई हवी असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. सोबत आलेल्या मुलीला किंवा नवऱ्याला खोलीत बसवायचं असेल तर बसवा. त्याला नकार मिळाला तर दुसरी जागा शोधा.

हे बोलताना बारीकसारीक गोष्टीही सांगून टाकते, कारण बायका त्यांच्यावरच अडतात. साखळी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावं. मंगळसूत्र काढायचं नसेल तर तसं सांगा. रुमालात गुंडाळून एका बाजूला घेता येतं. नाहीतर पालथं झोपल्यावर मणी गळ्यात रुततात आणि बाई तासभर त्याच मण्यांचा विचार करत राहते. पायांवर केस आहेत, टाचांना भेगा आहेत म्हणून ओशाळू नका. आम्ही दिवसभर पाठी आणि पायच पाहतो. तुमच्या भेगा संध्याकाळपर्यंत आमच्या लक्षातही राहत नाहीत.

टेबल अरुंद असतं. पालथं झोपल्यावर चेहऱ्यासाठी एक गोल खाच असते, घोट्यांखाली उशी देतात. ती नसेल तर मागून घ्या, कंबरेवरचा ताण कमी होतो. श्वास कोंडल्यासारखं वाटलं तर कुशीवर झोपूनही मालिश होते. तेल बहुधा तिळाचं किंवा खोबरेल, कोमट केलेलं. तेलाने किंवा वासाच्या अर्काने अंगावर पित्त उठत असेल तर आधीच सांगावं.

सुरुवात हलक्या, लांब हातांनी होते. याने अंगावर तेल पसरतं आणि कुठे घट्ट आहे, कुठे हात लावताच अंग दचकतं, हे करणाऱ्याला समजतं. मग कणीक तिंबतात तसं स्नायू उचलून दाबणं, आणि त्यानंतर अंगठ्याने किंवा कोपराने एखाद्या गाठीसारख्या जागेवर थांबणं. या प्रकारांना आमच्या पुस्तकांत फ्रेंच नावं आहेत. गंमत अशी की ही पद्धत ‘स्वीडिश मसाज’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्याशी स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांचं नाव जोडलं जातं, पण त्या फ्रेंच नावांनी तिची मांडणी करण्याचं श्रेय नेदरलँड्सच्या योहान मेत्झगर या डॉक्टरांना देतात. असो. तुमच्या पाठीला या नावांशी कर्तव्य नाही.

तुमच्या पाठीला कर्तव्य आहे ते दाबाशी. आणि दाब मोजायला आमच्याकडे कसलंही यंत्र नाही. बीपी मोजायला पट्टा आहे, ताप पाहायला थर्मामीटर आहे; मालिशचा काटा मात्र टेबलावर पडलेल्या माणसाच्या तोंडात असतो. तो बोलला नाही तर हात अंदाजाने चालतो.

साठी ओलांडलेल्या एक काकू माझ्याकडे खांद्यासाठी यायच्या. मी दाब दिला की त्यांची मूठ वळायची, श्वास थांबायचा. विचारलं, ‘काकू, दुखतंय का?’ तर म्हणाल्या, ‘तुम्ही करा हो, ताई. मला सवय आहे.’ अशा कितीतरी जणी येतात. सोसणाऱ्या बाईचं आपण आयुष्यभर कौतुक केलेलं असतं, मग ती टेबलावरही सोसतच राहते. त्या काकूंना मी एकच काम दिलं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही. मी विचारेन तेव्हा आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी त्या ‘दोन’ म्हणायच्या आणि मूठ तशीच वळलेली. मी म्हटलं, ‘मूठ तर आठ म्हणतेय.’ त्या हसल्या, आणि मग खरा आकडा यायला लागला. पाच-सहापर्यंत ठीक. तिथे दुखतं, पण ‘हं, इथेच’ असंही वाटतं. त्याच्या पुढे गेलं की स्नायू सैल होण्याऐवजी हाताशी झुंजायला लागतो. कळ हाता-पायात विजेसारखी उतरली किंवा मुंग्या आल्या, तर आकड्याची वाट न पाहता ‘थांबा’ म्हणायचं.

पुरुषांची तऱ्हा उलटी. ‘जोर लावा हो, पैसे कशाला दिलेत?’ त्यांना दुसऱ्या दिवशी पाठीवर काळेनिळे डाग दिसले की मालिश वसूल झाल्यासारखं वाटतं. तो डाग म्हणजे कातडीखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. त्यात वसूल होण्यासारखं काही नाही.

मानेचंही इथेच सांगते. केशकर्तनालयात चंपी झाल्यावर काही कारागीर हनुवटी आणि डोकं धरून कडकन मान मोडतात. आवाजाने बरं वाटतं, सवय लागते. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात, आणि अशा हिसक्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. डोक्याची चंपी खुशाल करून घ्या. मान मोडायला हात गेला की ‘नको’ म्हणा. उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात, त्यात धोका बहुधा कमी. पाय हळूच लावला तर!

मग मालिशने नक्की होतं काय? कंबरदुखीवरच्या मालिशच्या २५ चाचण्यांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केला. थोड्या काळापुरतं दुखणं कमी होतं, पण तो परिणाम पुढे टिकताना दिसत नाही आणि एकूण पुरावा कच्चा आहे, असा त्याचा सूर होता. माझाही अनुभव फारसा वेगळा नाही. मालिशने दोन-तीन दिवस सोपे जातात. त्या दिवसांत व्यायाम सुरू केला तर उपयोग, नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच कंबर आणि तेच टेबल. ‘शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ या जाहिरातीला मात्र आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना तेल लावायची सोय नाही. व्यायामानंतर साठलेलं लॅक्टिक अ‍ॅसिड मालिशने निघतं, हेही तसंच. ते साधारण तासाभरात आपोआप निघून जातं. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नसतो.

पडल्या पडल्या काय काय होतं, त्याचीही लाज नको. पोट गुरगुरतं, झोप लागते, घोरणं सुरू होतं, लाळ गळते. अंग सैल पडल्याच्या या खुणा. कोणाला अचानक रडू येतं. आलं तर येऊ द्यावं. करणाऱ्याने हात थांबवावा, कारण विचारत बसू नये. जेवून लगेच जाऊ नका, आणि लघवीला आधी जाऊन या. पालथं झोपल्यावर कसलं सुख, असं होतं नाहीतर.

संपल्यावर ताडकन उठू नका. कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा, मिनिटभर पाय खाली सोडून थांबा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना हमखास गरगरतं. तळपायाचं तेल नीट पुसल्याशिवाय फरशीवर पाऊल ठेवू नका. घरी तेल लावून घेतलं असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा, कारण पुढचा मुक्काम बाथरूम असतो. तेलकट पाय, ओली फरशी आणि साबण एकत्र आले की म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला क्षण पुरतो. मालिशसाठी आलेल्या आजींना मी मालिशपेक्षा जास्त वेळ हेच सांगते. बाथरूममध्ये प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा आणि तिच्यावर बसून अंघोळ करा.

दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकेल, पहिल्यांदा जास्तच. एक-दोन दिवसांत ते जातं. नाही गेलं, किंवा आधीपेक्षा वाढलं, तर गप्प बसून दुसरा मालिशवाला शोधू नका. ज्याने केली त्यालाच फोन करून सांगा, कुठे आणि किती दुखतंय ते. पुढच्या वेळी हात कुठे हलका ठेवायचा, हे त्याला त्यावरूनच ठरवायचं असतं.