तामेतच्या हातावरची खूण
(आगमन-शताब्दी समारंभातील भाषण)



पत्रिकेवर आमचा विषय वाचून काही जणांनी हसत विचारलं, मॉरिशसहून ऑस्ट्रेलियात आलेल्या मराठी माणसाला अरामी भाषेचं काय काम? प्रश्न रास्त आहे. अरामी ही प्राचीन इराणी साम्राज्याच्या कचेऱ्यांची भाषा. पण ती आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. सम्राट अशोकाने कोकणात सोपाऱ्याला आपल्या आज्ञा ब्राह्मी लिपीत कोरल्या, आणि तिकडे कंदाहारला ग्रीक आणि अरामीत. ज्याला जी भाषा समजते तिच्यात त्याच्याशी बोलावं, असा हिशेब. आपल्या पूर्वजांचे कोकणातले शेजारी बेने इस्राईल वल्हांडणाच्या रात्री जी हग्गादा वाचत, तिच्या सुरुवातीचा एक भाग अरामी आहे. हीच हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली.

आम्हाला मात्र या भाषेकडे ओढलं ते एका बाईने. तिचं नाव तामेत. इजिप्तमध्ये नाईल नदीत आस्वानजवळ एलेफंटाईन नावाचं बेट आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथे इराणी राजाच्या चाकरीत यहुदी शिपायांची वसाहत होती. तिथल्या मशुल्लाम नावाच्या माणसाची तामेत ही गुलाम. इ.स.पू. ४४९ मध्ये तिचं लग्न देवळातल्या एका सेवकाशी, अनन्याशी झालं, आणि तो करार पपायरसवर लिहिला गेला. लग्न झालं तरी ती गुलामच राहिली. बावीस वर्षांनी, इ.स.पू. ४२७ मध्ये, मशुल्लामने तिला आणि तिच्या मुलीला सोडल्याचा दस्तऐवज केला. त्यात तिची ओळख अशी दिली आहे, की हिच्या उजव्या हातावर ‘मशुल्लामची’ अशी खूण आहे. आणि सुटका कधी? मालकाच्या मृत्यूनंतर. त्यानंतरही दोघींनी त्याच्या मुलाची, जक्कूरची, सेवा करायची. नाही म्हटलं तर पन्नास कर्श चांदीचा दंड.

आपल्या घरात ‘गिरमिट’ हा शब्द ऐकलेल्यांना हा कागद समजावून सांगायला नको. मॉरिशसमध्ये उतरताच प्रत्येक मजुराला नंबर मिळे. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या जुन्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं आम्ही म्हणणार नाही. गुलामी आणि करार यांत फरक होता आणि तो राखूनच बोललं पाहिजे. पण सुटका झाल्यावरही सुटका न होणं, हे दोन्हीकडे दिसतं.

आता मुद्द्याचं. हे कागद चार्ल्स विल्बर नावाच्या अमेरिकन माणसाने १८९३ मध्ये विकत घेतले. पुढे कित्येक वर्षं ते पेटीत पडून होते. १९४७ मध्ये ते ब्रुकलिन म्युझियमकडे आले आणि १९५३ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. आज मेलबर्नमधल्या स्वयंपाकघरात बसून आपण त्यांचे फोटो पाहू शकतो. सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजने अरामी भाषेचा सर्वसमावेशक कोश इंटरनेटवर ठेवला आहे, तोही फुकट. इ.स.पू. नवव्या शतकापासून इ.स. तेराव्या शतकापर्यंतची अरामी त्यात येते. मजकुरातल्या शब्दावर बोट ठेवलं, की मूळ शब्द, व्याकरण आणि अर्थ समोर. आम्ही काही पंडित नाही, पण चार ओळी लावत लावत वाचता येतात. मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांचे फोटोही असेच खुले आहेत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात तर काही शिलालेखांवर संगणकातूनच प्रकाश तिरपा करून झिजलेली अक्षरं पाहता येतात. (जुन्या थडग्यावरचा किंवा पायरीवरचा लेख वाचायचा असेल तर संध्याकाळी टॉर्च आडवा धरून पाहा. युक्ती तीच.)

आम्हाला सर्वांत उपयोगी वाटली ती नावांची गोष्ट. अरामीत बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं. स्वर बहुतेक लिहीतच नाहीत. त्यामुळे या एकाच बाईचं नाव कुणी तामेत वाचतं, कुणी तामुत. कुठे कुठे त अन् म मध्ये एक जादा प येतो, म्हणून कुणी तापामेत. तरीही ती हरवत नाही, कारण अभ्यासकांनी ही सगळी रूपं एकत्र बांधून ठेवली आहेत.

आपल्या आजोबा-पणजोबांचं असं कुणी बांधलेलं नाही. मराठी नाव ऐकून इंग्रज किंवा फ्रेंच वळणाचा कारकून कानाला येईल तसं लिहीत गेला. पुढे तेच नाव घराण्याचं आडनाव झालं. बापाचं एक स्पेलिंग, मुलाचं दुसरं, आणि ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवर तिसरं. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आपल्या लोकांची रजिस्टरं आणि फोटो जपलेले आहेत, पण योग्य स्पेलिंग माहीत नसेल तर समोर उघडलेल्या रजिस्टरातही आपला माणूस सापडत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची तामेत सापडते, आणि दीडशे वर्षांपूर्वीचा पांडुरंग सापडत नाही, हे आम्हाला बोचतं.

स्पेलिंग कळण्यासाठी उच्चार कळावा लागतो. आणि घरात ते नाव मराठी वळणाने उच्चारणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. नंतरच्या पिढीच्या तोंडी ते क्रिओलमधून आलं, मग ऑस्ट्रेलियन इंग्रजीतून. कोश पुढच्या वर्षीही करता येईल. हे उच्चार पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही.

म्हणून आम्ही एक साधा तक्ता केला आहे. पहिल्या रकान्यात घरात म्हणतात तसं नाव, देवनागरीत. नंतर कागदोपत्री आढळलेली सगळी स्पेलिंगं, प्रत्येकापुढे कुठल्या कागदावर आणि कुठल्या साली. शेवटी, माहीत असेल तर, नंबर. तरुणांनी फोनवर आजीचा आवाजही टिपून घ्यावा, नाव तीनदा म्हणायला सांगावं. पुढचं वाचन करायचं असेल तर कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं कार्ड काढा. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला ते फुकट मिळतं आणि बरेच संशोधन-संग्रह घरबसल्या उघडतात.

तक्त्याचे कोरे कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. पेनंही आहेत. जेवणाची रांग लागायच्या आधी निदान पहिला रकाना भरून द्या.