हमी



१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि तेथील यहुदी कुटुंबे देशोधडीस लागली. त्यांपैकी काहींनी मुंबई गाठली. परंतु येथे उतरण्यास केवळ पारपत्र पुरत नसे. निर्वासिताच्या निर्वाहाची हमी सरकार मागत असे. मुंबईच्या ‘ज्युइश रिलीफ असोसिएशन’ने अशी हमी अनेकांसाठी दिली. १९३९ साली युद्ध पेटताच हेच निर्वासित शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध झाले. तरीही संस्थेने त्यांचा पक्ष सोडला नाही.

पाय टेकण्यास जागा मिळाली की मनुष्य पुन्हा उभा राहतो. १९३४ साली प्रागहून आलेले वाल्टर काउफमान मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. आकाशवाणीची सुपरिचित धून त्यांचीच मानली जाते.

आपले मंडळ शिष्यवृत्त्या देते, हे उचितच होय. परंतु परक्या शहरी आलेल्या मुलास द्रव्याच्याही आधी हवा असतो, त्याच्यासाठी सही करणारा मनुष्य. ती सही करण्यास आणि तो संकटात सापडला तरी ती न नाकारण्यास आपण सिद्ध आहोत काय? आणि तो आपल्या ज्ञातीचा नसेल, तर?