घाटात हरली, कागदावर जिंकली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कंपनीत आहेस, कंपनीवरच बोल." पण सॉफ्टवेअरवर बोलले तर तुम्ही जेवणाच्या मंडपाकडे बघायला लागाल. म्हणून मी दुसऱ्याच कंपनीवर बोलणार आहे. जिच्या सनावळ्या सरांनी आपल्याकडून पाठ करून घेतल्या, ती ईस्ट इंडिया कंपनी.

आपल्यातले कितीतरी जण पुण्याला असतात. मुंबईला जाताना वडगाव मावळ लागतं. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे एका व्यापारी कंपनीची फौज डोंगरातल्या राज्यापुढे शरण आली होती.

त्याचं मूळ एका कागदात आहे. पेशवाईसाठी आसुसलेल्या रघुनाथरावांनी 6 मार्च 1775 रोजी सुरतेला कंपनीशी तह केला. कंपनीनं 2,500 सैनिक द्यायचे, त्यांचा खर्च राघोबांनी सोसायचा आणि वर साष्टी, वसई कंपनीला द्यायची. तारण म्हणून सहा लाखांचे दागिने ठेवले. म्हणजे लढाई आपल्या घरातली, पैसा आपला आणि नफा कंपनीचा. गंमत अशी, की मुंबईकरांना असा तह करायचा अधिकारच नव्हता. 1773 च्या कायद्यानं तो कलकत्त्याच्या हाती गेला होता. कलकत्त्यानं सुरतेचा तह रद्द केला आणि 1776 मध्ये पुरंदरला नवा केला. तरीही मुंबईकरांनी राघोबांना सोडलं नाही.

1778 च्या अखेरीस सुमारे 3,900 माणसं आणि 19,000 बैल घेऊन त्यांची फौज बोरघाट चढली. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके होते. त्यांनी मोठी लढाई दिलीच नाही. आजूबाजूनं छापे घातले, रसद तोडली. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. शत्रू असूनही त्याच्या धाडसामुळे मराठे त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणत. 9 तारखेला फौज तळेगावला पोचली, तर गाव जळालेलं. दाणा नाही, वैरण नाही. 11 च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली, ती वडगावला पुरती वेढली गेली. 16 जानेवारीला करार झाला. 1773 नंतर घेतलेला मुलूख परत करायचा आणि राघोबांना हवाली करायचं, असं कंपनीच्या माणसांनी लिहून दिलं.

शाळेत आपण इथे टाळ्या वाजवायचो. मीही वाजवल्या. पण पुढचं पान महत्त्वाचं आहे. मुंबईनं तो करार मानलाच नाही. का? तर सही करणाऱ्यांना तेवढा अधिकार नव्हता! युद्ध पुन्हा पेटलं. 1781 मध्ये गॉडर्डलाही बोरघाटातून मार खात परतावं लागलं. शेवटी 17 मे 1782 ला सालबाईचा तह झाला. वसई आपल्याला परत मिळाली, पण साष्टी कंपनीकडेच राहिली. घाटात दोनदा हरलेल्या कंपनीनं कागदावर साष्टी राखली.

आता वडगाव सोडून आपल्या जळकोटाकडे येऊ. आपला भाग तेव्हा निजामाचा. इथे कंपनी आली ती तोफा न डागता. निजामाच्या नावानं एक फौज ठेवलेली होती, हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला, कर्ज साठत गेलं. 1853 च्या तहानं त्या वसुलीसाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. आपल्या पणजोबांच्या पणजोबांना कोणी विचारलं नव्हतं. जमीन त्यांची, सही दुसऱ्याची.

नळदुर्गला मेडोज टेलर हा अधिकारी आला. 1857 पर्यंत तो इथे होता. माणूस चांगला होता. त्यानं जमिनीची मोजणी केली, रस्त्यांची कामं केली. पुढे 1863 मध्ये 'तारा' ही कादंबरी लिहिली, तिची नायिका आपल्या तुळजापूरची. पण अधिकारी चांगला असला म्हणून करार चांगला ठरत नाही. 1860 मध्ये आपला भाग निजामाला परत मिळाला, तो 1857 च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला म्हणून. वऱ्हाड मात्र सुटलंच नाही. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर ते कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडे गेलं. गहाण टाकलेली वस्तू भाड्यावर गेली आणि भाडं ठरलं ते कायमचं!

हे सगळं आज सांगायचं कारण तुम्हाला माहीत आहे. आपल्या जिल्ह्यात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, सौरप्रकल्प येताहेत. माणसं कागद घेऊन बांधावर येतात. यायला हरकत नाही. मी स्वतः कंपनीच्या पगारावर जगते, मी कंपनीला शिव्या घालणार नाही. वीज हवी, रोजगार हवा. पण सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. समोर बसलेल्याला सही करायचा अधिकार आहे का? हे वडगावनं शिकवलं. आपण नेमकं काय बांधून देतोय? हे सुरतेनं शिकवलं. आणि यातून सुटका कधी, कोणत्या अटीवर? हे वऱ्हाडानं शिकवलं.

आपल्या बॅचमध्ये वकील आहेत, महसूल खात्यात आहेत, बँकेत आहेत. इंग्रजी करारातली बारीक अक्षरं रोज वाचणारी मी आहे. माझी विनंती एवढीच, की आपल्या व्हॉट्सॲप गटावर शुभ सकाळच्या फुलांबरोबर असा कागदही येऊ द्या. कोणाच्याही भावाच्या, काकांच्या जमिनीचा असो. सहीच्या आधी पाठवा, नंतर नको. आम्ही चौघं-पाच जण तो वाचू आणि त्याचा अर्थ मराठीत सांगू. सही करायची की नाही, हे ज्याची जमीन त्यानंच ठरवावं.

तळेगावात कंपनीला दाणा मिळाला नाही, कारण सगळे एका विचारानं वागले. सुरतेला तिला वाट मिळाली, कारण एकजण एकटाच गेला. शाळेनं आपल्याला एकत्र बसायला शिकवलंय. तेवढं कागदापुढे बसतानाही लक्षात ठेवू.