निशाणी अंगठा

(कडेगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय ‘परक्या सत्तेविरुद्ध रयत का उठते?’ असा छापलाय. विषय डोंगराएवढा आहे, आणि उकाडाही तेवढाच आहे. तेव्हा मी तो एका कागदापुरता सांगतो.

हा कागद माझ्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत होता. वरती पंचम जॉर्जचं डोकं छापलेला स्टॅम्पपेपर. खाली मोडीमिश्रित बाळबोध अक्षरात विहिरीकडच्या पट्टीची मुदत खरेदी, रक्कम दोनशे रुपये. सगळ्यात खाली काळा ठसा आणि त्याच्या भोवती लिहिलेलं, ‘निशाणी अंगठा’. मुदत खरेदी म्हणजे काय ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. कागदावर रान विकलेलं. मुदतीत पैसे फेडले तर परत मिळेल, हा नुसता बोलीचा शब्द. शब्द हवेत राहायचा, कागद कोर्टात जायचा.

आपण म्हणतो, इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं. पण आजीनं उभ्या जन्मात एक इंग्रज पाहिला नव्हता. तिनं पाहिला तलाठी, पाटील, फौजदार आणि सावकार. कडेगाव तेव्हा खानापूर तालुक्यात. मामलेदार विट्याला, कलेक्टर थेट साताऱ्याला. फिर्याद करायची तर आधी कोर्ट-फीचं तिकीट, मग वकील, मग तारीख, तारखेवर तारीख, आणि प्रत्येक तारखेला भाकरी बांधून पायपीट. सरकार म्हणजे लांबच्या गावी ठेवलेला एक कागद, आणि तो वाचता येणारा माणूस नेहमी दुसऱ्या बाजूचा.

कागदावरून माणसं पेटतात हे काही आपल्याच मुलखातलं नाही. लढाईचं कर्ज अंगावर आलं म्हणून इंग्लंडनं १७६५ साली अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टॅम्पचा कायदा लादला. दस्तऐवजावर स्टॅम्प, वर्तमानपत्रावर स्टॅम्प, पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा स्टॅम्प! १७७३ साली बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, तो पुढचा अंक. मात्र एक फरक आहे. तिथले बहुतेक लोक इंग्रजांचेच भाऊबंद होते. घरच्यासारखं वागवा, आमचा माणूस पार्लमेंटात नसताना आमच्यावर कर बसवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ती एका अर्थी भाऊबंदकी होती. आपल्याकडं वाटणी मागायला नातंच नव्हतं.

आपल्याकडं १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांनी काय मागितलं? कर्जरोखे. सावकाराचा जीव घ्यायला ती माणसं निघाली नव्हती, कागद जाळायला निघाली होती. सरकारनं चौकशीला कमिशन नेमलं आणि १८७९ साली कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर अशा चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यानं थोडा दिलासा मिळाला, नाही असं नाही. पण इलाज कसला निघाला? रोखा नोंदवून घ्या. म्हणजे आणखी एक कागद.

मग दुसरं महायुद्ध आलं. सातारा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत पोरं पाठवणारा. तिकडं पोरगा सरकारची बंदूक खांद्यावर घेऊन लढतोय, आणि इकडं त्याच्या बापाकडून लेव्हीचं धान्य नेलं जातंय, रॉकेल मिळत नाही, लुगडं काळ्या बाजारात. त्यात दरोडेखोरांच्या टोळ्या माजल्या. युद्धनिधी गोळा करायला सरकारला माणसं सापडत होती, दरोडा अडवायला मात्र सापडत नव्हती. माझ्या मते इंग्रजांचं इथलं राज्य संपलं ते या ठिकाणी. ते जुलमी होतं हे लोकांना आधीही ठाऊक होतं. आता ते निकामीही आहे, हे कळलं.

तुमच्या गावचे मोहरमचे ताबूत आधी कळस आणि मग पाया असे बांधतात, हे तुम्हीच मला दुपारी सांगितलंत. ४२ साली त्याच्या उलट झालं. ९ ऑगस्टला सरकारनं ‘चले जाव’च्या पुढाऱ्यांना पकडून कळस उचलून नेला, आणि खालचा पाया आपण होऊन उभा राहिला. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर असे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावला लोकांनी मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढवली. ही हसण्याची गोष्ट झाली. पुढच्याच आठवड्यात वडूजला गोळी चालली, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले तरुण इंजिनिअर पंड्या गेले.

मोर्चे बंद पडले आणि माणसं भूमिगत झाली. पुढं कुंडलच्या परिसरात जे उभं राहिलं त्याला आपण प्रतिसरकार म्हणतो. लोकांनी त्याचं ‘पत्री सरकार’ केलं. पायाला पत्री ठोकतात अशी वदंता होती. तळपायावर फटके बसायचे, एवढं मात्र खरं.

हे कुंडललाच का? कुंडल औंध संस्थानात होतं. या बांधावर इंग्रजी मुलूख, त्या बांधावर संस्थान. पोलीस आले की बांध ओलांडायचा. पण मला दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. १९३९ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार रयतेच्या हाती दिला, आणि गावच्या पंचांनी गावातच बसून न्याय द्यावा अशी तजवीज केली. तिकडच्या माणसांनी स्टॅम्पाशिवायचा न्याय डोळ्यांनी पाहिला होता. एकदा पाहिलेली गोष्ट माणूस विसरत नाही.

या प्रतिसरकारचे म्होरके नाना पाटील, त्यांनाही हा कागद आतून माहीत होता. क्रांतिसिंह व्हायच्या आधी ते तलाठी होते! सात-बारा कसा लिहितात आणि कसा फिरवतात हे ठाऊक असलेला माणूस १९३० साली नोकरी सोडून बाहेर पडला, आणि गावोगावच्या सभांत शेतकऱ्याच्याच बोलीत बोलू लागला. शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या साथीदारांनी रेल्वेची पगाराची गाडी लुटली, ती गोष्ट आपण मिटक्या मारत सांगतो. सांगावीच. पण नुसत्या लुटीवर तीन वर्षं सरकार चालत नाही. ते चाललं न्यायदान मंडळांवर.

रात्री कुणाच्या तरी मळ्यात किंवा तालमीत बैठक. दोन्ही बाजूंना निरोप गेलेला. पंच घोंगडीवर, कंदील मध्ये. दोघांनी समोरासमोर बोलायचं. फी नाही, वकील नाही, तारीख नाही. बांधाची भांडणं, गहाण पडलेली रानं, नवऱ्यानं टाकलेल्या बायका. नवऱ्याला बोलावून बायकोला नांदवायला लावल्याची उदाहरणं आहेत, आणि तुरुंगाला न भिणारे गडी या बोलावण्याला भीत. लग्नं थोडक्या खर्चात लावायची, म्हणजे मुळात सावकाराकडं जायलाच नको.

हे सगळं गोड नव्हतं. फटके मारणाऱ्या हाताला अपील नसतं. खबऱ्या ठरवून कुणाला मारलं, त्यात कुठं जुनं वैर मिसळलं असेल, हे आज सांगणं अवघड आहे. ज्या घरांनी तो मार खाल्ला, ती घरं याच पंचक्रोशीत आहेत. त्यांच्या समोर बसून मी नुसता पोवाडा गाणार नाही. तरी एक गोष्ट पाहा. लोकांनी सरकार मोडलं आणि रिकाम्या जागी लगेच दुसरं मांडलं. जे मागत होते ते त्यांनी आधी करून दाखवलं.

आजीच्या कागदाचं राहिलं.

४४ किंवा ४५ साल असावं, आजीला साल सांगता यायचं नाही, सुगीचे दिवस होते एवढं सांगायची. आदल्या आठवड्यात मळ्यात बैठक झाली होती. सावकारानं व्याजापोटी किती खाल्लं आणि किती राहिलं, याचा हिशेब पंचांनी तोंडी मांडला होता. रात्री दोन पोरं दारात आली. एकानं बंडीच्या आतून घडी काढून तिच्या हातात दिली, दोघं उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायले आणि पोरं उसात शिरली. आजोबा घरात नव्हते. आजीला वाचता येत नव्हतं. हा आपलाच कागद कशावरून? तिनं चिमणी जवळ ओढली, घडी उलगडली, आणि काळ्या ठशाशेजारी आपला अंगठा टेकवून कितीतरी वेळ पाहत बसली.